पहिला बाजार कोणासाठी? कारंजा १८८६ आणि कॅपस्टोनचा एक प्रकल्प

गेल्या सत्रात एका महाविद्यालयात एमबीएच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलायला गेले होते. त्यांना एक कॅपस्टोन विषय असतो, ‘समकालीन व्यवसाय प्रश्न आणि शाश्वतता’. दोन वर्षांत जे काही शिकलात ते सगळं एका खऱ्या प्रश्नावर लावून दाखवा, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. पण समोर आलेले प्रस्ताव वाचले तर वीसपैकी पंधरा एकाच साच्यातले: अमुक मोठ्या कंपनीचा शाश्वतता अहवाल घ्यायचा आणि त्यातल्या आकड्यांची तुलना करायची. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा अहवाल सक्तीचा केला आहे, त्यामुळे साहित्य आयतं मिळतं. मुलांचा दोष नाही. आयतं मिळालं की आपणही तेच करतो.

एक प्रस्ताव वेगळा होता. मानोऱ्याच्या एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, ‘कापूस बाजार आणि शेतकरी’. विषय म्हणून तो फारच ढोबळ होता, पण प्रस्तावनेत एक वाक्य होतं: ‘भारतातील पहिला नियंत्रित बाजार १८८६ साली कारंजा येथे सुरू झाला.’ मी विचारलं, हे कुठून घेतलंस? म्हणाला, “मॅडम, सगळ्याच पुस्तकांत आहे. एमपीएससीच्या गाईडमध्ये पण आहे.” मग म्हणाला, “आमच्या घरापासून कारंजा तासाभरावर आहे, पण तिथल्या कुणालाच हे माहीत नाही.”

आजची पोस्ट या एका वाक्यावर आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी अशी वाक्यं गोळा करून ठेवावीत असं मला वाटतं. जे वाक्य सगळ्या पुस्तकांत असतं आणि ज्याच्या पुढे कुणीच जात नाही, तिथे बहुतेक वेळा काहीतरी दडलेलं असतं.

वाक्य बरोबर आहे. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजाचा कापूस बाजार नियमांखाली आला. पण ‘हैदराबाद रेसिडेन्सी’ का? मुलं इथेच अडखळतात. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं, मात्र सार्वभौमत्व नावापुरतं निजामाचंच राहिलं. कारभार हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट पाहायचा. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा भाडेपट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. म्हणजे कारंजाच्या बाजाराची जुनी कागदपत्रं मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधत बसलात तर हात हलवत परत याल. १९०३ पूर्वीचं काम असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले हैदराबाद रेसिडेन्सीचे दफ्तर पाहावे लागेल, त्यानंतरचं असेल तर नागपूर.

जिल्ह्याचीही तीच गंमत. आज कारंजा आणि मानोरा दोन्ही वाशिम जिल्ह्यात आहेत, पण हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी एकोणिसाव्या शतकात ‘बाशीम’ नावाचा जिल्हा होता, तो १९०५ च्या फेररचनेत मोडला. कारंजा मात्र तेव्हा त्या बाशीममध्येही नव्हतं, ते अमरावती जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात होतं. ‘वाशिम’ असा शब्द टाकून शोध घेतला तर १८८६ चं काहीच सापडत नाही, आणि मग मुलं लिहितात, ‘याविषयी साहित्य उपलब्ध नाही’. साहित्य उपलब्ध असतं, पण ते दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाखाली.

आता खरा प्रश्न. १८८६ साली सरकारला कारंजाचा बाजार नियमांत आणावासा का वाटला?

थोडं मागे जाऊ. रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जायचा, थेट उत्तरेत मिर्झापूरपर्यंत. वाहणारे होते बंजारा तांडे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी आज देशभरातल्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान आहे. या परिसरात इतके तांडे का आहेत याचं उत्तर शोधताना मीठ, धान्य आणि कापूस यांच्या वाहतुकीचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही. नंतर रेल्वे आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि तिथल्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं. एका तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय! त्यावरूनच कापसाचं वजन कळावं. तांड्यांचा धंदा मात्र बसला, आणि १८७१ नंतर गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर संशयाचा शिक्का मारायला सुरुवात झाली. ‘व्यवसायातील विस्कळीतपणा’ नावाचं प्रकरण तुमच्या पाठ्यपुस्तकात असतं ना, त्यात टॅक्सी ॲपचं उदाहरण असतं. हे का नसतं?

या घाईचं कारण अमेरिकेत होतं. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकन कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि भाव कडाडले. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण कौतुकाने सांगतो. सोनं आलंही, पण युद्ध संपताच भाव कोसळले. तोवर इंग्रज सरकारने हेरलं होतं की या काळ्या जमिनीतून मँचेस्टरला कापूस पुरवता येईल. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. त्याचे १८६० च्या दशकातले अहवाल वाचण्यासारखे आहेत. बियाणं, भेसळ, ओला कापूस, गठाणी, रस्ते असं सगळं त्यात येतं. आजच्या भाषेत ‘पुरवठा साखळी व्यवस्थापन’च. शेतकरी त्यात येतो तो मुख्यतः एक अडचण म्हणून.

म्हणजे कारंजाच्या नियमांमागचा हेतू शेतकऱ्याचं रक्षण हा नव्हता. शुद्ध कापूस रास्त भावात गिरण्यांपर्यंत पोचावा, हा होता. पाठ्यपुस्तकं हे कधी कधी एका ओळीत सांगतात, पण ‘पहिला नियंत्रित बाजार’ या बिरुदाच्या चमकेत ती ओळ दिसत नाही.

त्यानंतर ११ वर्षांनी, १८९७ मध्ये, वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. कित्येक नोट्समध्ये १८८६ आणि १८९७ एकत्र कालवलेले दिसतात. १८८६ हा एका बाजारापुरता प्रशासकीय आदेश, १८९७ हा संपूर्ण वऱ्हाडासाठीचा कायदा. त्या कायद्याने रेसिडेंटला एखादी जागा बाजार म्हणून जाहीर करता येऊ लागली, देखरेखीला समिती आली, आणि परवानगी नसलेल्या कपातींना दंड बसू लागला.

या कपाती म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळं नाटक तिथे आहे. शेतकरी गाडी घेऊन बाजारात आला की अडत्याची अडत, दलालाची दलाली, मापाऱ्याची मापाई, हमाली, वर धर्मादाय, आणि वजनात कडता. माल ओला आहे, कचरा आहे, बारदाना जड आहे, कारण काहीही चालतं. भाव ठरायचा तो रुमालाखाली बोटं दाबून. ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे. या पद्धतींना आळा घालणं ही मोठीच गोष्ट होती, आणि मी ती कमी लेखत नाही. हेतू मँचेस्टरचा असला तरी उघड्या वजनकाट्याचा फायदा गाडीवाल्यालाही झालाच असणार. हेतू आणि परिणाम हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्हायवामध्ये पहिला मार यावरच बसतो.

पण समितीत कोण होतं? नगरपालिकेचे प्रतिनिधी आणि कापसाचे व्यापारी. पिकवणाऱ्याला जागा नव्हती. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या पद्धतीची दखल घेतली आणि असे बाजार इतरत्र व्हावेत अशी शिफारस केली, पण दोषही दाखवले: उत्पादकाला प्रतिनिधित्व नाही, आणि बाजाराचं उरलेलं उत्पन्न बाजाराच्या सुधारणेऐवजी नगरपालिकेकडे जातं. मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कापूस बाजार कायद्यात उत्पादकाला समितीत स्थान मिळालं. पहिल्या आदेशापासून मोजली तर ४१ वर्षं.

कायद्याला आणखी एक भोक होतं. तो बाजाराच्या आवारात लागू, गावात नाही. ज्याच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज, त्याचा कापूस वेचणीआधीच बोलला गेलेला. तो कारंजाला येणारच कशाला? आजही आपल्याकडे ‘खेडा खरेदी’ हा शब्द आहे. गाडी गावात येते, काटा त्यांचा, पैसे रोख. माझ्या परीने सांगायचं तर हा शब्द म्हणजे १८९७ च्या कायद्यावरची सगळ्यात कडक टीका आहे, आणि तो कुठल्याही अहवालात नाही, बांधावर आहे.

आणि शाश्वतता? ती कॅपस्टोनच्या नावातच असल्यामुळे तिला टाळून चालणार नाही. इथे मला सगळ्यात बोलकं वाटतं ते बियाणं. वऱ्हाडात ‘बणी’ नावाचा लांब, तलम धाग्याचा देशी कापूस होता. बाजारात पैसे मिळत ते रुईच्या वजनाला. आखूड, जाड धाग्याच्या ‘जरी’सारख्या वाणांत रुईचा उतारा जास्त. मग शेतकऱ्याने काय केलं असतं? तुम्ही काय केलं असतं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बणी मागे पडली आणि आखूड धाग्याने शेतं व्यापली. सरकारला हवा होता तलम आणि शुद्ध कापूस, पण भावाची रचना उलट्या दिशेला ओढत होती. नियम चांगले असूनही प्रोत्साहन चुकीचं असेल तर काय होतं, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला हार्वर्डच्या केस स्टडीत सापडलेलं नाही. (मी सगळ्या वाचल्या नाहीत, हेही खरं.)

दुसरी बाजू अन्नाची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळलं. लक्ष्मण सत्या यांचं कापूस आणि दुष्काळ या विषयावरचं १९९७ चं इंग्रजी पुस्तक नेमका हा धागा पकडतं: निर्यातीच्या पिकाभोवती उभी केलेली रचना आणि उपाशी माणसं यांचा संबंध. स्वेन बेकर्ट यांच्या ‘एम्पायर ऑफ कॉटन’मध्येही वऱ्हाड आणि खामगाव येतं. दोन्ही वाचा, पण सत्या आधी. बेकर्टचं जग मोठं आहे, त्यात आपलं गाव छोटं होतं.

पुढचा काळ भराभर सांगते, कारण तो तुम्हाला माहीत आहे. १९६३ मध्ये महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा आला आणि समितीत शेतकऱ्यांना बहुमत मिळालं. त्याच वर्षाच्या अखेरीस पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच काळात कापूस एकाधिकार खरेदी आली, १९७१ चा कायदा आणि १९७२ पासून खरेदी. बाहेर भाव जास्त असला की रात्री गाड्या सीमेपार जायच्या, हे आमच्या भागात कुणालाही विचारा. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि त्याच सुमारास एकाधिकार गळून पडला. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात वाशिम होता. आता मानोऱ्याकडे पऱ्हाटीपेक्षा सोयाबीनच जास्त दिसतं.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न मात्र संपलेला नाही. समितीत शेतकरी आला, पण त्याला निवडणारे होते सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य. २०१७ मध्ये शेतकऱ्याला थेट मताचा अधिकार दिला गेला, २०२० मध्ये काढून घेतला, आणि वाद चालूच राहिला. २०२० चे केंद्राचे कृषी कायदे आले आणि २०२१ मध्ये मागे घेतले गेले, तेव्हा टीव्हीवर दोन्ही बाजू बाजार समिती म्हणजे जणू शेतकऱ्यासाठीच जन्मलेली संस्था असं धरून भांडत होत्या. कारंजाचं नाव कुणी घेतलं नाही.

त्या विद्यार्थ्याला मी एवढंच सुचवलं: ‘कापूस बाजार आणि शेतकरी’ खोडून टाक. त्याऐवजी विचार, कारंजाच्या बाजारावर देखरेख करणाऱ्या समितीत कोणत्या काळात कोण बसलं होतं, आणि त्या बदलाबरोबर कपातींचे नियम बदलले का? हा प्रश्न एका सत्रात पेलतो. त्याला उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं, आणि तेही उत्तरच असतं. शाश्वततेच्या अहवालात ‘हितसंबंधी घटक’ नावाचा रकाना असतो. या प्रकल्पात तो रकाना नावानिशी भरावा लागेल.

त्याचे गाईड आधी साशंक होते. “हा इतिहास झाला, मॅनेजमेंट कुठे आहे?” मी त्यांना १८९७ च्या कायद्याचा आणि १९२८ च्या टीकेचा गोषवारा पाठवला. दोन दिवसांनी फोन आला: चालेल, पण प्राथमिक माहितीसाठी मुलाखती हव्यात.

मुलाखती सुरू झाल्यात. पहिली त्याने स्वतःच्या आजोबांचीच घेतली. त्यांना १८८६ माहीत नव्हतं, पण रुमालाखालची बोटं त्यांच्या वडिलांनी करून दाखवली होती, ती त्यांनी नातवाच्या हातावर दाबून दाखवली. कुठल्या बोटाला किती, हे तो आता लिहून काढतोय.