रंगीत दूरचित्रवाणीचा १९५३ चा निर्णय आणि व्हिडिओ-संकेतनातील दोष

जुन्या चुंबकीय फितींवरील दृश्ये संगणकीय फाइलींत उतरविताना दोन दोष वारंवार आढळतात. प्रारंभी जुळलेले चित्र व ध्वनी हळूहळू एकमेकांपासून दुरावत जातात, हा पहिला. हालणाऱ्या वस्तूंच्या कडा फणीच्या दातांप्रमाणे तुटक दिसतात, हा दुसरा. ह्यांचे खापर संकेतन करणाऱ्या आज्ञावलीवर फोडण्याकडे सामान्यतः कल असतो. वस्तुतः दोहोंचे मूळ बरेच जुने आहे, आणि ते ध्यानी न घेता केलेले उपाय कित्येकदा मूळ साधनालाच बाधक ठरतात.

दुसरा दोष कालक्रमाने आधीचा. सेकंदास २५ वा ३० चित्रे दाखविली तर पडदा लुकलुकत असे. ती संख्या दुप्पट करावी, तर प्रक्षेपणास दुप्पट रुंदीचा तरंगपट्टा लागे. म्हणून प्रत्येक चित्राच्या विषम व सम रेषा दोन हप्त्यांत आळीपाळीने पाठविण्याची योजना निघाली. लंडनमध्ये १९३६ साली वापरात आलेल्या ४०५ रेषांच्या पद्धतीत तिचा अवलंब झाला. अमेरिकेच्या १९४१ च्या मानकानेही ५२५ रेषा, सेकंदास ३० चित्रे व ६० अर्धचित्रे हे प्रमाण ठरविताना तीच स्वीकारली. जुन्या चित्रनलिकेवर ही अर्धचित्रे क्रमाने उमटत. संगणकावर ती एकाच चौकटीत एकत्र येतात आणि दोहोंमधील एक-साठांश सेकंदाची हालचाल फणीच्या रूपाने उघडी पडते.

पहिल्या दोषाचा उगम रंगीत प्रक्षेपणात आहे. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकन शासनाच्या दळणवळण आयोगाने मान्य केलेल्या पद्धतीत, घरोघरीचे कृष्णधवल संच निरुपयोगी होऊ नयेत, ही अट मूलभूत होती. परंतु रंगासाठी घातलेला नवा उपवाहक तरंग आणि ध्वनीचा तरंग ह्यांच्या संयोगाने चित्रावर नक्षी उमटण्याचा धोका होता. ध्वनीचा तरंग किंचित सरकविता आला असता. पण जुने संच ४.५ मेगाहर्ट्झ ह्या अंतरालाच जुळविलेले होते. तेव्हा ते अंतर कायम राखून त्याचा २८६ वा भाग ही रेषांची नवी कंपनसंख्या ठरविण्यात आली. ती १५,७५० वरून सुमारे १५,७३४ वर आली, आणि चित्रांची गती ३० वरून सुमारे २९.९७ झाली.

हा फरक हजारात एक एवढाच. प्रेक्षकास तो जाणवण्याजोगा नव्हता. परंतु अशी फीत नेमक्या ३० चित्रांची समजून फाइल बनविल्यास तासाभरात १०८ चौकटींचे, म्हणजे ३.६ सेकंदांचे अंतर पडते. येथे ध्वनीचा आरंभ मागेपुढे सरकविणे हा उपाय नव्हे. त्याने एक क्षण जुळतो, बाकीचे पुन्हा दुरावतात. प्रारंभापासून सारखेच राहणारे अंतर आणि क्रमाने वाढणारे अंतर ह्यांत भेद केल्याविना निदान होऊच शकत नाही.

फणीच्या दोषाबाबतही असाच विवेक हवा. अर्धचित्रे विलग करण्यापूर्वी चित्राची उंची बदलली, तर दोहोंच्या रेषा एकमेकींत मिसळतात. त्या मागाहून वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय फितीवर मुळात चित्रपट असेल, तर त्याच्या २४ चौकटी ६० अर्धचित्रांत आळीपाळीने दोन व तीन अशा वाटलेल्या असतात. तेथे रेषा पुसून टाकण्याऐवजी ती वाटणी उलट क्रमाने सोडवून मूळ चौकटी परत मिळविणे इष्ट होय.

भारतात ६२५ रेषांची, सेकंदास नेमक्या २५ चित्रांची पद्धत प्रचारात आली. त्यामुळे १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई केंद्राच्या ध्वनिचित्रणांत हजारात एकाची ही तफावत नाही. फणीचा दोष मात्र संभवतो. उलट अमेरिकेतील यंत्रावर टिपलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या फितीत दोन्ही दोष संभवतात.

ह्यावरून असे दिसते की, १९५३ चा निर्णय हा प्रमाद नव्हता, तर जुन्या संचांच्या मालकांना न दुखावता नव्याचा स्वीकार करण्याची तडजोड होती. तिची किंमत पुढील पिढ्यांच्या वाट्यास आली. ताम्रपटाचा काळ व स्थळ निश्चित केल्यावाचून अभ्यासक त्याचा अर्थ लावीत नाही. फितीचे कूळही तसेच आधी निश्चित करावे, मग संकेतन. आणि सुधारलेली प्रत सिद्ध झाली म्हणून मूळ प्रत टाकून देऊ नये.