उकिरड्याचा इतिहास आणि डुकरांचे खत

शेणाला आपण कधी घाण म्हटले नाही. सडा शेणाचा, सारवण शेणाचे, गोवऱ्या शेणाच्या, उरलेले उकिरड्यावर. पावसाळ्याआधी तो उकिरडा बंडीत भरून वावरात जायचा. डुकराच्या विष्ठेला मात्र हा मान कधी मिळाला नाही. वऱ्हाडातले गावडुक्कर मोकळे फिरे. हागणदारीत, नालीत, उकिरड्यावर ते पोट भरी आणि घाणही तिथेच करी. जी वस्तू एका जागी साठतच नाही, तिचे खत कोण करणार?

खरे तर तिवसा परिसराला गावच्या घाणीचा विचार नवा नाही. हातात खराटा घेऊन गाव झाडणारे गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातले. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तिवशाजवळच्या मोझरीत गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या 'ग्रामगीते'त ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय आहेत.

घाणीचे खत करण्याचे शास्त्रही कपाशीच्याच मुलखात तयार झाले. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 'इंदूर पद्धत' बसवली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले. पऱ्हाट्या आणि तुराट्या कुजत नाहीत, ही तिथलीही अडचण होती. त्यांनी त्या रस्त्यावर पसरल्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा झाला. मग भुगा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन ढीग तीनदा उलथला. तीन महिन्यांत खत तयार! गांधीजींनी १९३५ साली इंदूरला हे काम पाहिले. पुढच्याच वर्षी ते सेवाग्रामला राहायला गेले, म्हणजे आपल्या वर्धा नदीच्या पलीकडे. पुढे पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदाची 'नाडेप' पद्धत रूढ केली. तिच्यात सुमारे क्विंटलभर शेणावर चौदा-पंधरा क्विंटल काडीकचरा कुजतो.

या साऱ्या इतिहासात शेण आहे, सोनखत आहे. डुकराचे खत जवळजवळ नाही. आज मात्र तो प्रश्न टाळता येत नाही, कारण वराहपालन बंदिस्त झाले आहे. मोठे डुक्कर दिवसाला मलमूत्र मिळून चार-पाच किलो टाकते. वीस डुकरे म्हणजे रोजचा जवळपास क्विंटलभर माल. डुक्कर रवंथ करत नाही, त्याचा आहारही दाण्यांचा. म्हणून त्याच्या विष्ठेत तंतू कमी आणि नत्र जास्त. नुसती साठवली तर हवा आत शिरत नाही. ती सडते, अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि नत्राचे नायट्रेट होऊन पावसाबरोबर विहिरीत उतरते. शेजारी डबके साचले की डास वाढतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि डासांमार्फत माणसात येतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

नायट्रेटची गोष्ट आपल्यासाठी दूरची नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतील बऱ्याच नमुन्यांत ते याहून अधिक आढळले. हा दोष डुकरांचा नव्हे; त्यात रासायनिक खतांचा आणि सांडपाण्याचा वाटा मोठा. पण भरल्या घागरीत आणखी ओतायचे कशाला?

दुर्लक्ष केले तर काय होते, ते जगाने पाहिले आहे. हॉलंडला १९८४ साली डुक्कर आणि कोंबड्यांच्या नव्या फार्मवर कायद्याने बंधन घालावे लागले. जनावरे अफाट झाली आणि त्यांचे खत जमिनीला पेलेनासे झाले. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात जून १९९५ मध्ये डुकरांच्या मलमूत्राच्या तलावाचा बांध फुटला. सुमारे साडेनऊ कोटी लिटर घाण नदीत गेली आणि हजारो मासे मेले.

आपल्याकडे उपाय बांधावर पडून आहे. डुकराच्या खतात जे जास्त आहे, ते पऱ्हाटीत कमी. पऱ्हाटीत जे भरपूर आहे, ते त्या खतात नाही. दोघांना एकत्र आणून ढीग उलथत राहिले की आतली उष्णता पंचावन्न-साठ अंशांवर जाते. तेवढ्या धगीत जंतांची अंडी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. ढिगावर छप्पर हवे, खाली पक्का तळ हवा आणि विहीर लांब हवी.

एक अडचण मात्र शास्त्राची नाही. डुकरे पाळणारे बहुतेक गावकुसाबाहेरचे. त्यांच्यापाशी ना वावर, ना खड्ड्यापुरती जागा. शेतकऱ्याकडे पऱ्हाटी आहे, ती तो पेटवून देतो. 'डुकरे हटवा' अशी तक्रार गावात दरवर्षी होते. खड्ड्याला जागा द्या, असे कोणी म्हणत नाही. ग्रामसभेत हा विषय पऱ्हाटी पेटवण्याच्या दिवसांआधी निघाला, तर दोन्ही घरांचा फायदा आहे.