एलियाहूचा उरूस

उरूस भरायला एक मेलेला अवलिया लागतो आणि त्याची कबर लागते. अरबीत ‘उर्स’ म्हणजे लग्न. सत्पुरुषाचा आत्मा देह सोडून ईश्वराला मिळाला, तो दिवस लग्नाचा मानायचा आणि त्या तिथीला दर्ग्यावर जमायचं, अशी ही रीत. आता कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा एक जुना सण पाहा. ज्यूंच्या शवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तो येतो. जगभरचे ज्यू त्याला ‘तू बिश्वात’ म्हणतात आणि झाडांचं नवं वर्ष म्हणून फळं खातात. बेने इस्राएलांच्या जुन्या मराठीत मात्र त्याचं नाव ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’. एलियाहू या प्रेषिताची बायबलातली कथा अशी, की तो मेलाच नाही. अग्निरथात बसून सदेह स्वर्गात गेला. म्हणजे ज्याला मरण नाही आणि ज्याची कबर कुठेच नाही, त्याचा हा उरूस. कबरीची जागा अलिबागजवळ खंडाळे गावाच्या बाजूला असलेल्या एका खडकाने भरून काढली आहे. त्यावर एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात; त्या जागेला लोक ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. ज्यूंच्या धर्मग्रंथांतून ‘उरूस’ हे नाव सुचणं शक्य नाही. ते दर्ग्याकडूनच आलेलं आहे, आणि माझ्या मते त्याच्याबरोबर सणाचा अख्खा साचाही तिथूनच आला.

या समाजाच्या कथेचा ठाऊक असलेला भाग थोडक्यात सांगतो. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे वंशज गावोगाव पसरून तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली ठरले आणि रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर झाले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली गावात होतेच, त्यामुळे शनिवारचा शब्बाथ समजून घ्यायला कुणाला अडचण पडली नाही. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा कुणी ज्यू आला. त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि त्यांनी खवल्या-परांची तेवढी वेगळी काढली, तेव्हा त्याने आपली माणसं ओळखली. या रहाबीला कुणी हजार वर्षांमागे नेतं, कुणी 18व्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यात बसवतं. त्याने तीन घराण्यांना धर्मविधी शिकवले आणि हे शिकलेले पुरोहित ‘काजी’ म्हणवले जाऊ लागले. हा शब्दही लक्षात ठेवा.

सणांच्या जुन्या नावांची यादी डोळ्यांखालून घातली की तिच्यात एक वाटणी दिसते. खिरीचा सण, होळीचा सण (हा ज्यूंचा पुरीम), शिळा सण. यांत स्वयंपाकघर आहे आणि गावचं पंचांग आहे. पण जिथे व्रत, अधिकार, नवस यांचा प्रश्न येतो, तिथे शब्द फारसी-अरबी होतात: रोजा, रमजान, काजी, उरूस, मलिदा. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आठवून करायच्या उपासाचं नाव तर दोन्हींची गाठ मारतं. ते आहे ‘बिरड्याचा रोजा’. बिरडं कोकणातल्या वालांचं, रोजा मुसलमान शेजाऱ्याचा. मराठीत उपास होता, व्रत होतं, जत्रा होती, तरी ते शब्द घेतले नाहीत. यावर आक्षेप असा, की निजामशाही-आदिलशाहीच्या काळात सगळी मराठीच फारसीने भिजलेली होती. हवालदार आणि फडणीस म्हणणारा हिंदू काही मुसलमान झाला नव्हता. आक्षेप रास्त आहे. पण दरबारी शब्द सगळ्यांच्याच तोंडी होते, घरच्या उपासाला ‘रोजा’ म्हणणारे हिंदू मात्र शोधावे लागतील. बेने इस्राएल सुंता करत, मूर्ती पुजत नसत आणि एकच देव मानत. आपल्या धर्माला कोकणी बोलीत नाव द्यायची वेळ आली तेव्हा शेजारच्या दोन घरांपैकी ज्या घराचं त्यांच्याशी अधिक जुळत होतं, त्याच घरचे शब्द त्यांनी उचलले. ‘नबी’ हा शब्द तर हिब्रू आणि अरबी दोन्हींचा.

खरा वाद आहे मलिद्याचा. लग्नाआधी, सुंतेच्या वेळी, आजारातून उठल्यावर, नवस फेडताना बेने इस्राएल घरी मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. ताटात भोवती फळं, सोबत गुलाब किंवा सब्जा. दहा पुरुष जमून एलियाहूचं स्तोत्र म्हणतात आणि मग प्रसाद वाटला जातो. समाजातच वाढलेलं एक मत असं, की हे जेरुसलेमच्या मंदिरातल्या धान्यार्पणाचं अवशेषरूप आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897मध्ये लिहिलेल्या आणि 1937मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात पूर्वज इसवी सनापूर्वी 175च्या सुमारास आले असं मांडलं आहे; हनुक्का हा सण ठाऊक नव्हता, म्हणजे तो सुरू होण्याआधीच ते निघाले असणार, हा या बाजूचा आवडता पुरावा. पण बायबलच्या लेवीय ग्रंथातलं धान्यार्पण काढून पाहावं. त्यात सपीठ, तेल, ऊद आणि मीठ आहे, वेदीवर जाळायच्या अर्पणात मध घालायला स्पष्ट मनाई आहे, आणि त्यातला मूठभर भाग जाळायचा असतो. मलिदा गोड आहे, फळांनी भरलेला आहे आणि त्यातलं काहीच जाळत नाहीत. हनुक्काच्या पुराव्याचंही तसंच. ज्यांना शेमा प्रार्थनेखेरीज फारसं काही आठवत नव्हतं, त्यांच्या न आठवण्यावरून तारीख काढता येत नाही.

दुसरं मत त्याला हिंदू नैवेद्य मानतं. मलिदा म्हणजे ज्यूंचा सत्यनारायण, ही तुलना सहज सुचते आणि ती वरवरची नाही. प्रसंग तेच, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणं तेच. पण ही वाट धरली तरी ती फिरून दर्ग्यापाशीच येते, कारण बंगालात सत्यनारायण आणि सत्यपीर ही एकाच दैवताची दोन नावं आहेत, पीराच्या प्रसादाला तिथे शिरणी म्हणतात, आणि आधी पीर की आधी नारायण यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. शिवाय नाव काय सांगतं? फारसी ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, मळणं. पोळी किंवा रोट कुस्करून तूप-गुळात मळला की मलिदा होतो. मळून मऊ केलेल्या लोकरी कापडालाही याच कारणाने मलिदा म्हणत. दख्खनभर पीराला आणि मोहरमच्या पंजांना मलिदा चढतो, आणि चढवणाऱ्यांत हिंदू कमी नाहीत. तेव्हा बेने इस्राएलांनी तो मुसलमानाकडून घेतला की पीराला नवस बोलणाऱ्या हिंदू शेजाऱ्याकडून, हे मी ताणणार नाही. पोहे भिजतात, ते कुणी कुस्करत नाही. पदार्थ बदलून भातखाऊ कोकणाचा झाला आणि नाव मात्र गव्हाच्या पोळीचंच राहिलं, म्हणजे नाव बाहेरून आलं हे उघड आहे.

मग त्या साच्यात एलियाहूच का बसला? मोझेस का नाही, अब्राहाम का नाही? इथे माझा तर्क सुरू होतो. ज्यूंच्या रब्बी परंपरेत एलियाहू वेष पालटून फिरतो, अडल्यानडल्याला भेटतो, सुंतेला हजर असतो. मुसलमानी लोकधर्मात हेच काम ख्वाजा खिज्र करतो. तोही अमर आणि भटका, आणि इल्यास म्हणजे हाच एलियाहू त्याचा जोडीदार. सिंधमध्ये नदीचा जिंदा पीर म्हणून खिज्र हिंदूंच्या झुलेलालशी एकरूप झाला आहे. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी एलियाहूची महती सांगितली तेव्हा कोकणात त्याच्यासाठी जागा तयारच होती. न मेलेला, हाकेला धावणारा पीर म्हणून लोकांनी त्याला ओळखलं. ताटातल्या फळांचाही अर्थ तेव्हाच लागला असावा. ज्यू नियमांत झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्या पिकाचा वेगळा आणि सुगंधाचा वेगळा. केळं त्यांच्या हिशेबी झाडाचं फळ नव्हे. खजूर, केळं आणि सब्जा एका ताटात आले की सगळे आशीर्वाद एका बैठकीत म्हणता येतात. दर्ग्याच्या प्रसादात एवढी काटेकोर मांडणी कुठून असणार? साचा पीराचा आणि मांडणी रब्बींची, असं हे दोन पदरी काम आहे. एलियाहू इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याचा प्रेषित, म्हणून त्याची आठवण पूर्वजांनीच जहाजातून आणली, असंही काही जण म्हणतात. पण तसं असतं तर एलियाहूबरोबर बायबलातलं आणखी काहीतरी टिकलं असतं. 1738मध्ये मद्रासेतल्या सार्टोरियस या मिशनऱ्याने ऐकीव माहितीवरून बेने इस्राएलांविषयी लिहिलं, त्यात शेमा आहे, सुंता आहे, पण बायबल त्यांना ठाऊक नाही असंच म्हटलं आहे.

वसाहतकरी देशी लोकांत मिसळले की त्यांचा धर्म पातळ होतो आणि मग बाहेरून कुणी शिक्षक येऊन तो पुन्हा घट्ट करतो, असा एक समज आहे. मलिदा तो खोटा पाडतो. शिक्षकाला जे रुजवायचं होतं, ते उसन्या मातीतच रुजलं. आणि ज्याच्याकडून उसनं घेतलं तो दर्गाही समुद्रापलीकडूनच आलेला. निव्वळ देशी म्हणावेत असे या ताटात पोहे, नारळ आणि केळं. 1796मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, 1829नंतर जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवली, सुधारकांनी काजी, रोजा, होळी ही नावं मागे सारली. एलियाहूचा उरूस तू बिश्वात झाला. मलिद्याला मात्र कुणी हात लावला नाही. इस्रायलमध्ये तर मुख्य रब्बीपीठानेच या समाजाच्या ज्यू असण्यावर प्रश्न उभे केले. निदर्शनं झाल्यावर 1964मध्ये तो वाद मिटला. त्या सगळ्या काळात मलिदा घरोघर होत राहिला आणि आता कार्मेल डोंगरावरच्या एलियाहूच्या गुहेतही तो नेतात.

माझ्या तर्काची एक कच्ची बाजू काळाची आहे. उरूस आधी आणि एलियाहू नंतर, हा क्रम मी शब्दांवरून लावला आहे. शनवार तेली आंग्र्यांच्या मुलखात राहत होते, जंजिऱ्याच्या सिद्दीच्याही पदरी होते. मोडी वाचणाऱ्यांनी त्या काळच्या दप्तरांत घाण्यावरचे कर, नवसाच्या सुट्या, खंडाळ्याच्या जत्रेची परवानगी यांच्या कागदांवर नजर ठेवावी. त्यांत एलियाहूचं नाव 18व्या शतकाआधी सापडलं, तर माझा क्रम उलटा करावा लागेल.