अंगणवाडी : शाळा पालकांच्या दारी गेली, त्याची कथा

१/
मूल अडीच-तीन वर्षांचे झाले की शहरांतील घराघरांत एकच चर्चा सुरू होते : बालवाडी कोणती? अंतर किती, शुल्क किती, माध्यम कोणते, मूल लिहू केव्हा लागेल? हा शोध वाटतो तितका नवा नाही. भारतातील बालशिक्षणाच्या चळवळीचे एक मूळ अशाच एका पित्याच्या शोधात आहे. #इतिहास #थ्रेड

२/
गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे काठियावाडातील वकील. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याच्या शिक्षणाचा प्रश्न समोर आला. छडी, धाक आणि घोकंपट्टी यांवर चालणारी तत्कालीन शाळा त्यांना मान्य नव्हती. पर्याय शोधत असता मारिया माँटेसोरी यांचे लेखन त्यांच्या हाती पडले.

३/
माँटेसोरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. मुलांच्या हाती साधने द्यावीत, त्यांना स्वतः काम करू द्यावे आणि शिक्षिकेने निरीक्षण करावे, ही तेथील रीत. गिजुभाईंनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले.

४/
मुलांइतकेच शिक्षण पालकांनाही हवे, हे गिजुभाईंनी ओळखले होते. पालकांसाठी त्यांनी विपुल लेखन केले. त्यांच्या एका गुजराती पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थच 'आईबाप होणे कठीण आहे' असा आहे. शाळा बदलायची तर शाळेकडून घराची असलेली अपेक्षा आधी बदलावी लागते, ही त्यामागची जाणीव.

५/
याच बालमंदिरात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आल्या. मुंबईत शिकलेल्या, राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयात प्राचार्यपद भूषवलेल्या आणि स्वतः एका लहान मुलीची आई असलेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ मध्ये मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत 'शिशुविहार' उभे राहिले.

६/
दादरचे पालक सुशिक्षित, मध्यमवर्गीय. शाळा पाहावी, तोलावी आणि मग मूल पाठवावे, एवढी सवड त्यांना होती. परंतु ज्या घरी 'कोणती बालवाडी' हा प्रश्नच उद्भवत नाही, तेथील मुलांचे काय? या विचाराने ताराबाई १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या.

७/
त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी जिद्दीने शिक्षण पूर्ण करून अध्यापन पत्करले होते. बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. पण बालवाडी उघडली म्हणून गरीब वस्तीतील मुले आपोआप येईनात.

८/
कारणे 'पालकांची उदासीनता' या एका शब्दात मावणारी नव्हती. आईवडील पहाटेच कामावर जात. चार-पाच वर्षांची मुलगी तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढी. थोडा मोठा मुलगा गुरांमागे जाई. मूल शाळेत पाठवायचे म्हणजे घरातले एक कामाचे माणूस कमी करायचे. निवडीचा खरा अडसर तेथे होता.

९/
तेव्हा उलट मार्ग धरला गेला. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरवायची. ही 'अंगणवाडी'. मुलांना न्हाऊ-माखू घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हाही तिच्या कामाचाच भाग होता. महागडी साधने नव्हती. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांनीच मुले मोजू-ओळखू लागली. आणि हे सारे आईच्या डोळ्यांदेखत घडत होते.

१०/
१९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. तान्हे पाळण्यात राहिले की त्याला सांभाळणारी बहीण वर्गात बसू शके. गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' निघाली : मुले चरणीवर, तर शिक्षकही चरणीवर.

११/
ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याहून दूरवर पोहोचला तो त्यांचा शब्द. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. बोर्डीच्या अंगणातला शब्द भारतभर गेला.

१२/
आज मात्र पुष्कळ सुशिक्षित घरांच्या यादीत अंगणवाडी नसते आणि 'मूल लिहू केव्हा लागेल' हा प्रश्न पहिला असतो. भावनगर ते कोसबाड या प्रवासात त्याआधी विचारले गेलेले प्रश्न निराळे होते : मुलाला येथे भीती वाटते का? त्याच्या हातांना काम आहे का? आणि जी आई पहाटेच कामावर जाते, तिचे मूल येथवर येऊ शकते का? पहिले दोन प्रश्न प्रवेश घेणारा कोणताही पालक विचारू शकतो. तिसऱ्याचे उत्तर एकट्या पालकाच्या हाती नसते. त्यासाठी ताराबाई आणि अनुताई अंगणापर्यंत चालत गेल्या होत्या.