बाहुल्या, व्हिनिल व रेझीन

मानवी आकृतीच्या, मुख्यतः मुलांच्या खेळासाठी केलेल्या लहान प्रतिकृतीस बाहुली म्हणतात. बाहुली कोणत्या द्रव्याची केलेली आहे, यावर तिचे आयुष्य, तिची किंमत आणि तिच्याशी माणसाने ठेवावयाचे वर्तन ही अवलंबून असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिनिलची बाहुली जगभर घरोघर पोहोचली. शतकाच्या अखेरीस रेझीनची बाहुली प्रौढ संग्राहकांची वस्तू म्हणून पुढे आली. या दोन्ही कृत्रिम बहुवारिकांच्या बाहुल्या टिकाऊ मानल्या जातात. तथापि हा समज अर्धाच खरा असून उष्ण प्रदेशात तर तो बराचसा फसवा ठरतो. नागपूर शहर हे त्याचे चांगले उदाहरण आहे, कारण तेथे बाहुली बाळगण्याची जुनी परंपराही आहे आणि तेथील उन्हाळा प्लॅस्टिकची कसोटी पाहणारा आहे.

महाराष्ट्रात मृण्मय आकृत्यांची परंपरा ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे जाते. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची डबी, तीत शिरोहीन स्त्रीमूर्ती व जोडीला मातीचा बैल, असे अवशेष मिळाले. सातवाहनकाळात तेर, पैठण, नेवासे येथे केओलिन मातीच्या पोकळ मूर्ती दुहेरी साच्यातून काढीत. यांतील खेळणी कोणती व पूजेच्या मूर्ती कोणत्या, हे सांगणे नेहमीच शक्य नसते. विदर्भातील लोकाचारांत ही सरमिसळ आजही दिसते.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात व खानदेशात मुली भुलाबाई बसवितात. भुलाबाई व भुलोजी ही पार्वती-शंकराची लौकिक रूपे असून त्यांच्या मातीच्या रंगीत मूर्ती बाजारातून आणतात, रोज त्यांच्यापुढे गाणी म्हणतात आणि झाकून आणलेली खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. महिना संपला की मूर्तींचे विसर्जन होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी व पिवळी मारबत आणि बडगे यांची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची व पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. कामट्या, कागद व कापड यांची ही प्रचंड बाहुलीच होय; परंतु ती करावयाची ती जाळण्यासाठी. म्हणजे येथील लोकजीवनात बाहुलीचा नाश हा तिच्या आचाराचाच एक भाग होता. दरवर्षी नवी घडवावयाची असल्याने ती टिकविण्याचा प्रश्न उद्‌भवत नसे, आणि कारागिराचे कामही चालू राहत असे. महाल भागातील चितारओळ ही अशा कारागिरांची जुनी वस्ती आहे.

याच दिवशीचा तान्हा पोळा मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. मुले चाकांवर बसविलेले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात व ‘बोजारा’ म्हणून पैसे किंवा खाऊ मिळवितात. दुसरे रघूजी भोसले (कार. १७८८–१८१६) यांनी ही प्रथा सुरू केली, अशी परंपरागत समजूत आहे. लाकडी बैल विसर्जित करीत नाहीत. तो धुऊन-पुसून माळ्यावर ठेवतात, शिंग मोडल्यास नवे बसवितात, रंग उडाल्यास पुन्हा रंगवितात. बापाचा बैल मुलाकडे आणि त्याचा नातवाकडे जातो. नागपुरात स्थायिक झालेल्या दाक्षिणात्य कुटुंबांतील नवरात्रातील कोलूच्या बाहुल्याही अशाच वर्षानुवर्षे कापडात गुंडाळून ठेवल्या जातात. वस्तू जपणे, दुरुस्त करणे व पुढच्या पिढीस देणे ही बाहुली ‘बाळगण्या’ची खरी सुरुवात म्हणता येईल. ओबडधोबड लाकडाची ठकी व चिंध्यांची बाहुली ही घराघरातील खेळणी याच वर्गात मोडतात. ती फाटली की पुन्हा शिवता येत असे, आणि तिच्या रूपाविषयी कोणाची फारशी अपेक्षाही नसे.

कारखान्यात तयार होणारी बाहुली एकोणिसाव्या शतकात यूरोपात चिनी मातीच्या तोंडवळ्याने प्रतिष्ठा पावली. जर्मनीतील थुरिंजिया हा प्रदेश तिचे मोठे केंद्र होता. पहिली प्लॅस्टिकची बाहुली मात्र सेल्युलॉइडची. अमेरिकन संशोधक जॉन वेस्ली हायट यांनी १८७० मध्ये सेल्युलोज नायट्रेट व कापूर यांच्या मिश्रणाचे एकस्व मिळविले. हलक्या, गुलाबी, पोकळ अशा या बाहुल्या दोन महायुद्धांच्या दरम्यान जपानने मोठ्या प्रमाणावर निर्यात केल्या. मराठीत तिला ‘कचकड्याची बाहुली’ म्हणतात. कचकडे हा शब्द मूळचा कासवाच्या कवचासाठीचा. सेल्युलॉइड त्याची नक्कल म्हणूनही वापरले जाई, म्हणून तोच शब्द नव्या द्रव्यास चिकटला. दिसावयास सुंदर पण नाजूक, या अर्थाने तो भाषेत रुळला, यावरून त्या बाहुलीचा अनुभव ध्यानात येतो. ती चटकन चेपत असे आणि त्याहून चटकन पेटत असे. या ज्वालाग्राहीपणामुळेच दुसऱ्या महायुद्धानंतर तिची जागा इतर प्लॅस्टिकांनी घेतली.

व्हिनिल बाहुली : व्हिनिल म्हणजे येथे पॉलिव्हिनिल क्लोराइड होय. ते स्वभावतः कडक व ठिसूळ असते. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीचे वॉल्डो सीमन यांनी १९२६ मध्ये त्यात योग्य द्रव मिसळून ते मऊ व लवचिक करण्याची रीत शोधली. या द्रवास सुघट्यकारी (प्लॅस्टिसायझर) म्हणतात. बाहुल्यांच्या बाबतीत तो बहुधा थॅलेट वर्गातील असे. बहुवारिकाची बारीक पूड या द्रवात कालवून केलेली खीर धातूच्या साच्यात ओतून तापविली, की साच्याच्या आतील बाजूस कातडीसारखा थर धरतो व तो थंड झाल्यावर ओढून काढता येतो. असे पोकळ, मऊ डोके मिळाल्यामुळे बाहुलीच्या इतिहासातील एक मोठी सोय झाली : यंत्राच्या सुईने केस थेट टाळूत रोवता येऊ लागले. विंचरता येणारे केस ही मुलींच्या दृष्टीने चेहऱ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट होती. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील खेळणी-मेळ्यात मॅटेल कंपनीने आणलेली, सु. २९ सेंमी. उंचीची ‘बार्बी’ ही या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध बाहुली होय. तिचे आरंभीचे उत्पादन जपानमध्ये होत असे.

सुघट्यकारी द्रव बहुवारिकाशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो रेणूंच्या मध्ये केवळ वावरत असतो. येथेच व्हिनिलच्या ऱ्हासाचे मूळ आहे. काळ लोटतो तसा तो पृष्ठभागाकडे येतो, बाहुली हाताला चिकट लागते, धूळ धरते, आणि पुढे द्रव निघून गेल्यावर अंग आक्रसून कडक होते. उष्णतेने हे स्थलांतर वेगाने होते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५° से.च्या वर जाणे नेहमीचे असून २३ मे २०१३ रोजी ४७·९° से. तापमानाची नोंद झाली. पत्र्याच्या छपराखालील माळा किंवा उन्हे येणाऱ्या भिंतीलगतचे लोखंडी कपाट यांतील तापमान याहूनही अधिक असू शकते. ज्या माळ्यावर लाकडी बैल पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप राहिला, त्याच माळ्यावर व्हिनिलची बाहुली काही उन्हाळ्यांत चिकट होते. जुनी सवय नव्या द्रव्याला लावल्याने होणारे हे नुकसान घरोघर पाहावयास मिळते. दोष मात्र बहुधा मालाच्या हलकेपणाला दिला जातो. हलका माल असतो हे खरे, परंतु उत्तम व्हिनिलही या नियमाला अपवाद नाही.

उष्णता व प्रकाश यांमुळे पॉलिव्हिनिल क्लोराइडमधून हायड्रोजन क्लोराइडही सुटतो व रंग पिवळट, पुढे तपकिरी होतो. कानातील धातूच्या टाचणीत तांबे असल्यास सभोवती हिरवा डाग उमटतो. संग्राहकांत तो ‘हिरवे कान’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. गडद कपड्यांचा रंग मऊ व्हिनिलमध्ये खोल शिरतो व धुऊन जात नाही. मुरुमांवरील बेंझॉइल पेरॉक्साइडयुक्त मलम लावून बाहुली उन्हात ठेवण्याचा उपाय संग्राहक करतात. डाग फिका होतो, पण भोवतालचा रंगही उडण्याचा व पृष्ठभाग कमकुवत होण्याचा धोका असतो. तेव्हा हा शेवटचा उपाय समजावा. नेहमीच्या सफाईस कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ फडके पुरेसे असतात. केस धुताना डोक्यात पाणी जाऊ देऊ नये, कारण उघडझाप करणाऱ्या डोळ्यांचे लोखंडी भाग गंजतात. नागपुरात एप्रिल ते जून या काळात बहुतेक घरांतून पाण्याचे कूलर चालतात. त्यामुळे खोली थंड होते, पण हवा दमट होते. बाहुलीचे कपाट कूलरच्या थेट झोतात ठेवल्यास प्लॅस्टिकला तापमानाचा लाभ होतो, तर कपडे, पुठ्ठ्याची पेटी व धातूचे भाग यांना बुरशी व गंज यांची बाधा होते. झोतापासून दूरची, आतल्या भिंतीची जागा बरी.

साठवणीविषयी एक गोष्ट लोकसमजुतीच्या विरुद्ध आहे. प्लॅस्टिकला वारा लागू द्यावा असे सामान्यतः सांगतात. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातील संशोधक इव्होन शाशुआ यांच्या कामावरून मात्र असे दिसून आले, की मऊ पॉलिव्हिनिल क्लोराइड द्रव शोषून न घेणाऱ्या बंद पात्रात ठेवल्यास सुघट्यकारी कमी प्रमाणात निघून जातो. सेल्युलॉइडचे नेमके उलट आहे : त्यातून सुटणारे आम्लधर्मी वायू साठून राहिले तर तेच ऱ्हासाला चालना देतात, म्हणून त्याला खेळती हवा हवी. आजीची कचकड्याची बाहुली व नातीची व्हिनिलची बाहुली एकाच ट्रंकेत ठेवणे दोघींनाही मारक ठरते.

रेझीन बाहुली : राळ व लाख ही निसर्गात मिळणारी रेझिने माणसाच्या फार जुन्या परिचयाची आहेत, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरील चमक लाखेचीच. आजच्या संग्राह्य बाहुल्यांचे रेझीन मात्र संश्लेषित, बहुधा पॉलियुरेथेन असते. दोन द्रव घटक मिसळून ते मिश्रण सिलिकोन रबराच्या साच्यात ओततात व ते थोड्या वेळात घट्ट होते. रबराचा साचा लवकर झिजतो, त्यामुळे एका साच्यातून मर्यादित नगच निघतात. तयार भाग पोकळ असून त्यांचे सांधे गोळा-खोबणीचे असतात. आतून ओवलेल्या ताणलेल्या लवचिक दोरीने सर्व अंग एकत्र राहते व बाहुली हव्या त्या ढबीत उभी करता येते. अशा सांध्यांना जर्मन कलावंत हान्स बेल्मर यांच्या १९३० नंतरच्या दशकातील बाहुल्यांनी कलाक्षेत्रात स्थान दिले आणि जपानी बाहुलीकारांनी ती कल्पना पुढे वाढविली. क्योटो येथील व्होक्स कंपनीने १९९९ मध्ये ‘सुपर डॉल्फी’ बाजारात आणल्यावर या प्रकाराला व्यापारी रूप आले. दक्षिण कोरिया व चीन येथील अनेक कारागीर-कंपन्या नंतर या क्षेत्रात उतरल्या. मोठ्या बाहुलीची किंमत कित्येक शे डॉलर होते.

रेझीनमध्ये बाहेर झिरपणारा द्रव नसल्याने ते चिकट होत नाही. ते जड व कठीण असते, त्याला पॉलिश कागदाने घासता येते, तुटलेले बोट पुन्हा जोडता येते, चेहरा पुसून नव्याने रंगविता येतो. व्हिनिलमध्ये घासकाम करणे व तुटलेला भाग जोडणे बरेच अवघड असते. या दृष्टीने रेझीनची बाहुली कारखान्यातील बाहुलीपेक्षा तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या अधिक जवळची आहे. परंतु ती पडली तर व्हिनिलप्रमाणे उसळत नाही, तिचा टवका उडतो. तिचा मोठा शत्रू म्हणजे जंबुपार किरण. त्यांनी पॉलियुरेथेन पिवळे पडते व ही क्रिया परत फिरवता येत नाही. बाहेरचा थर घासला तरच मूळ रंग दिसतो. अंधारातही हे पिवळेपण अतिशय सावकाश येतच असते. एकाच बाहुलीचे डोके व धड वेगवेगळ्या वेळी घेतले असतील, तर त्यांच्या छटांतील फरक काही वर्षांत डोळ्यांत भरतो.

चेहऱ्यावरील रंगकाम मंद चमकेच्या रक्षक लेपावर खडूरंग व ॲक्रिलिक रंगांनी केलेले असते. ते नखाने वा घामाने निघते, म्हणून डोके उचलताना चेहरा हाताळू नये. ॲसिटोनने रेझीनच विरघळू लागते. लवचिक दोरी ताण सोडते. बाहुली दीर्घकाळ न हाताळता ठेवावयाची असल्यास ताण कमी करून ठेवावी व दोरी सैल झाल्यावर बदलावी. घासकाम ओले करावे व नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी, कारण ही धूळ श्वासावाटे जाणे अपायकारक आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत कोणतीच बाहुली ठेवू नये : व्हिनिल मऊ पडून त्याचा आकार बिघडू शकतो, रेझीनचे पातळ भाग वाकू शकतात.

मालकीच्या स्वरूपातही फरक पडतो. व्हिनिलची बाहुली मुलाच्या हातात देण्यासाठी आहे. ती मळते, तिचे केस कापले जातात, आणि तेच तिचे काम आहे. मोडली तर दुसरी तशीच मिळते. रेझीनची बाहुली लहान मुलांसाठी नसते, आणि तिची मूळ प्रत हाती असलेला कोणीही तिच्यावरून साचा काढू शकतो. अशा नकली प्रतींचा व्यापार वाढल्याने खरेदीची पावती व अस्सलतेचे प्रमाणपत्र यांना महत्त्व आले आहे. लहान मुलांच्या खेळण्यांतील थॅलेटांवर यूरोपीय समुदायाने १९९९ पासून तात्पुरते व २००५ च्या निदेशाने कायमचे निर्बंध घातले; अमेरिकेने २००८ मध्ये कायदा केला. भारतात खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला व भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह खेळण्यांवर अनिवार्य झाले. त्यापूर्वी घेतलेल्या जुन्या मऊ बाहुल्या घरात अद्याप आहेत. त्या संग्रह म्हणून जपण्यास हरकत नाही. परंतु चिकट झालेली जुनी व्हिनिलची बाहुली दात येणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नये.