चाकांवरचं घर, चाकांवरची होडी

मिशिगनमध्ये राहणाऱ्या माणसाला पाणी चुकवता येत नाही. पाचपैकी चार महासरोवरं या राज्याला टेकलेली आहेत आणि आतमध्ये अकरा हजारांच्या वर तळी! तरीही आपल्यापैकी बहुतेकांची उन्हाळ्याची सुट्टी विमानतळ, हॉटेल आणि डिस्ने या त्रिकोणात संपते. आम्ही मात्र गेली काही वर्षं वेगळ्याच नादाला लागलो आहोत. पुढे पिकअप ट्रक, त्याच्यामागे राहायचं घर आणि घराच्या मागे होडी. पुण्याहून आलेल्या सासऱ्यांनी ही गाडी ड्राइव्हवेत पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाले, "जावईबापू, आमच्या वेळी लग्नाची वरातसुद्धा एवढी लांब नव्हती!"

तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "कितीला पडलं?" आणि "एवढं सगळं एकदम ओढायला परवानगी असते का?" पहिल्याचं उत्तर द्यायला आमच्या सौ.ची सक्त मनाई आहे. दुसऱ्याचं पुढे देतोच. पण जो प्रश्न कुणीच विचारत नाही, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घर विकत घेतलं, होडी विकत घेतली, पण पाण्यापर्यंत जायची वाट कुणी दिली? तो शोध घ्यायला लागलो तेव्हा कळलं की या गोष्टीचा निम्मा इतिहास आपल्या अंगणातच घडलेला आहे.

आधी घराची गोष्ट. मोटारी आल्या तसे अमेरिकन लोक तंबू घेऊन बाहेर पडू लागले. खुद्द हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वी फायरस्टोन १९१५ ते १९२४ च्या दरम्यान बऱ्याच उन्हाळ्यांत एकत्र कॅम्पिंगला जात. अर्थात त्यांच्याबरोबर स्वयंपाकी आणि सामानाचे ट्रक असत, म्हणजे आपल्या मंडळाच्या पिकनिकसारखंच! सामान्य लोकही मागे नव्हते. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे अशा भटक्यांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटनाच काढली.

पण तंबू तो तंबूच. डेट्रॉईटचे आर्थर शेर्मन हे जंतुशास्त्रज्ञ. गाडीमागे ओढायचा घडीचा तंबू त्यांनी विकत घेतला, आणि पावसात तो उभा करताना सगळं कुटुंब भिजलं. वैतागून १९२९ मध्ये त्यांनी सुताराकडून चार भिंती आणि छप्पर असलेली लाकडी पेटीच करून घेतली. मुलांनी तिला नाव ठेवलं 'कव्हर्ड वॅगन'. पूर्वी पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतवाल्यांच्या आच्छादलेल्या गाड्या असत, तशी. पुढच्याच वर्षी त्यांनी ती डेट्रॉईटच्या ऑटो शोमध्ये मांडली आणि लोकांची झुंबड उडाली. शेर्मननी माऊंट क्लेमन्सला कारखाना काढला आणि १९३६ पर्यंत तो देशातला सर्वांत मोठा ट्रेलर-कारखाना झाला होता. मंदीच्या काळात, बरं का! लेक सेंट क्लेअरला जाताना आपण जे माऊंट क्लेमन्स ओलांडतो, तेच हे गाव.

आता होडी. आमच्या पलीकडे, लेक मिशिगनच्या दुसऱ्या काठावर मिलवॉकी. तिथे नॉर्वेहून लहानपणी आलेले ओली एव्हिनरूड यंत्रांचं दुकान चालवत. असं सांगतात की एका सहलीला त्यांची होणारी बायको बेस हिला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओलींनी तळ्यापार वल्ही मारत जाऊन ते आणलं, पण परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की होडीच्या मागे अडकवता येईल असं इंजिन हवं. कथेत मीठमसाला किती ते सोडून देऊ, पण १९०९ मध्ये त्यांची मोटर बाजारात आली हे खरं. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, किंमतही ६२ डॉलर! एका माणसाला उचलता येईल असं इंजिन मिळालं आणि कोणतीही वल्ह्याची होडी मोटरबोट होऊ लागली. एका 'इमिग्रंट' माणसाने सुरू केलेलं ते नाव १११ वर्षं टिकलं. २०२० मध्ये त्या मोटरींचं उत्पादन थांबलं.

आणि माऊंट क्लेमन्सपासून तासाभराच्या आत, सेंट क्लेअर नदीवर अल्गोनॅक गाव आहे. ख्रिस स्मिथ आणि त्यांच्या मुलांनी तिथे १९२२ मध्ये कंपनी काढली, तीच पुढे 'क्रिस-क्राफ्ट' म्हणून जगभर गाजली. महागोनीच्या, आरशासारख्या चकचकीत होड्या! पण त्या धक्क्यालाच बांधून ठेवायच्या. लाकडी फळ्यांची होडी पाण्याबाहेर फार दिवस राहिली की फळ्या सुकून आकसतात, सांधे उघडतात, आणि पुन्हा पाण्यात सोडली की फळ्या फुगेपर्यंत ती गळत राहते. अशी होडी ट्रेलरवर घालून शेकडो मैल कोण नेणार?

हे कोडं दुसऱ्या महायुद्धाने सोडवलं. क्रिस-क्राफ्टने युद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हजारो प्लायवूडच्या होड्या बांधल्या. शांतता झाल्यावर हीच कंपनी प्लायवूडच्या 'घरी बसून जोडा' अशा होड्यांचे किट विकू लागली. विमानं बांधणाऱ्या ग्रमन कंपनीने उरलेल्या ॲल्युमिनियमच्या कौशल्यातून हलकी कनू बनवली. फायबरग्लासही त्याच काळात पुढे आलं. यातलं काहीच फळ्यांच्या होडीसारखं सुकून गळत नव्हतं. आता होडी गॅरेजच्या बाजूला ठेवता येऊ लागली आणि ज्याच्या मालकीचा धक्का नाही, अशा कारखान्यातल्या कामगारालाही ती परवडू लागली. १९५६ मध्ये इंटरस्टेट हायवेचा कायदा झाला, ४१,००० मैलांच्या रस्त्यांचा. शेजारच्या इंडियानातलं एल्कहार्ट गाव चाकांवरच्या घरांची राजधानी झालं. आणि १९६० च्या दशकात लोकांच्या मनात तोच प्रश्न आला जो आमच्याही मनात आला होता: गाडी एक, ओढायच्या गोष्टी दोन. या वेळी घर न्यायचं की होडी?

त्याला तीन उत्तरं निघाली. पहिलं म्हणजे गाडीतच घर, म्हणजे मोटरहोम, आणि मागे होडी. दुसरं, पिकअपच्या पाठीवर बसणारी खोली आणि मागे होडी. तिसरं आमच्यासारखं. पिकअपच्या हौद्यात, बरोबर मागच्या चाकांवर टेकणारं 'फिफ्थ व्हील' घर आणि त्याच्यामागे होडी. आता परवानगीचं सांगतो. ही तिहेरी वरात काही राज्यांत चालते, काहींत अजिबात नाही. तेव्हा सीमा ओलांडण्याआधी चौकशी करावी. मिशिगनमध्ये चालते, पण त्यासाठी लायसन्सवर 'आर' हा वेगळा शेरा घ्यावा लागतो. परीक्षेचा अभ्यास मी मुलाच्या एसएटीच्या पुस्तकांशेजारी बसून केला. घरात कोणाचे मार्क जास्त यावर अजून वाद आहे.

दोन्ही ट्रेलर सारखेच दिसले तरी स्वभाव वेगळे. घराच्या ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतात. होडीचा ट्रेलर पाण्यात बुडवायचा असतो, म्हणून त्याला बहुधा तेलाच्या दाबावर चालणारे. आपण ब्रेक मारला की होडी पुढे रेटली जाते आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात. लांबून आल्यावर ट्रेलरची चाकं तापलेली असतात. तशीच थंड पाण्यात घातली तर बेअरिंगमधली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. म्हणून रॅम्पवर पोचल्यावर आधी चहा, मग होडी. हा नियम मात्र शंभर टक्के मराठी!

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. रॅम्प कुणाचा?

पाण्याजवळ जायचा हक्क इथे सगळ्यांना नव्हता. २७ जुलै १९१९ ला शिकागोत, लेक मिशिगनमध्ये, युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत 'गोऱ्यांच्या' पाण्याकडे गेला. पाण्यात रेघ नव्हती, ती लोकांच्या मनात होती. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली. त्याआधी १९१२ मध्येच मिशिगनच्या जंगलात, आयडलवाईल्ड इथल्या तळ्याकाठी, कृष्णवर्णीयांना जमिनीचे छोटे तुकडे विकत मिळू लागले होते. किंमत ३५ डॉलर. जिथे उन्हाळ्यात निर्धास्तपणे पोहता येईल, होडी सोडता येईल, अशी जागा. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनीही तिथे जमीन घेतली.

आपल्याला यातलं काही नवीन आहे का? २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर काय झालं हे आपण शाळेत शिकलो. सार्वजनिक पाणी सर्वांना खुलं असल्याचा मुंबई कायदेमंडळाचा ठराव १९२३ चा होता. कागदावर खुलं असलेल्या तळ्याचं पाणी प्रत्यक्षात ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जावं लागलं. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच डुबॉईसना पत्र लिहिलं. दोघांच्या लढ्यातलं साम्य दोघांनाही दिसत होतं. आयडलवाईल्डच्या तळ्याकाठी उभं राहिलं की मला महाड आठवतं ते यामुळे.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक जागांवरच्या रंगाच्या पाट्या उतरवल्या. पैशाची व्यवस्था वेगळ्या कायद्यांनी केली. डेट्रॉईटचे खासदार जॉन डिंगेल (थोरले) यांच्या नावाचा १९५० चा कायदा मासेमारीच्या सामानावरचा कर राज्यांना देतो, आणि १९८४ च्या दुरुस्तीनंतर मोटरबोटींच्या पेट्रोलवरच्या कराचा हिस्साही त्यात आला. त्यातला ठरावीक भाग होड्या उतरवायच्या सोयींवर खर्च करावा लागतो. म्हणजे अनेक सार्वजनिक रॅम्पचं काँक्रीट या पैशातून पडलेलं आहे.

आणि आता मला सर्वांत आवडलेला दुवा. मिशिगनचे सिनेटर फिलिप हार्ट. १९६५ चा 'हार्ट-सेलर' कायदा, ज्याने देशांचा कोटा मोडला आणि आपल्यासारख्यांना या देशाचं दार उघडलं, त्यातले हार्ट हेच. त्याच माणसाने जवळजवळ दहा वर्षं खपून लेक मिशिगनकाठच्या स्लीपिंग बेअर ड्यून्सचा किनारा १९७० मध्ये राष्ट्रीय संपत्ती करून घेतला. ज्यांची घरं-शेतं त्या हद्दीत होती ते लोक खूप चिडले होते. त्यांचं दुःखही खरं होतं, हे विसरू नये. पण आज तिथे कुणीही जाऊ शकतं. एम्पायर गावातल्या तिथल्या माहिती केंद्राला हार्ट यांचंच नाव आहे. आपल्या व्हिसाचं दार आणि त्या किनाऱ्याची वाट, दोन्हींवर एकाच माणसाची सही!

मिळालेली वाट राखावीही लागते. १९८८ मध्ये आपल्या लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा मसल सापडले. आपल्या तिसऱ्यांच्या नात्यातले, नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले. युरोपातून जहाजांच्या पाण्यातून आलेले. त्यांनी नळ तुंबवले, तळ्यांतलं माशांचं अन्न गाळून खाल्लं. त्यांचेच भाऊबंद क्वागा मसल २००७ मध्ये थेट नेवाडाच्या लेक मीडमध्ये निघाले. मधे रॉकी पर्वत आहे. शिंपला पर्वत चढत नाही, पण ट्रेलरवरची होडी चढते. घराचंही तसंच. २००२ मध्ये डेट्रॉईटजवळ सापडलेला हिरवा ॲश बोरर किडा कॅम्पिंगला नेलेल्या जळाऊ लाकडांतून दूरवर पसरला आणि कोट्यवधी ॲश झाडं वाळली. म्हणून लाकूड तिथलंच घ्यायचं आणि तिथेच जाळायचं. होडी बाहेर काढली की बुडाचं बूच काढून पाणी सांडायचं, गवत-शेवाळ पुसायचं आणि ती सुकू द्यायची. मिशिगनमध्ये २०१९ पासून बूच काढल्याशिवाय होडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे.

दहा मिनिटांचं काम आहे. आमची मुलगी आता ते न सांगता करते. मागे रांग लागलेली असते, कुणी हॉर्न वाजवतो, पण ती बूच काढल्याशिवाय मला ट्रक हलवू देत नाही. मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात घर किंवा होडी भाड्याने घेऊन बघा, दोन्ही ओढायलाच हवीत असं नाही. पाण्यापर्यंतची वाट तयार आहे. आपल्यामागून येणाऱ्यांना ती तशीच मिळावी, एवढं आपल्या हातात आहे.