सहा सिस्टर, एक खुर्ची

४३ हजार माणसांमागे एक नर्स. ६० हजार माणसांमागे एक प्रशिक्षित सुईण. भारतातल्या आरोग्यसेवेचा हा हिशेब १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात मांडला. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे आयसीएस अधिकारी, जन्म नाशिकचा. अख्ख्या देशात तेव्हा नर्स होत्या साधारण सात हजार.

पूर्ण शिकलेली नर्स तयार व्हायला तीन वर्षांहून जास्त काळ लागायचा आणि त्यासाठी पुरेशी शाळा शिकलेल्या मुलीही कमीच होत्या. म्हणून पन्नासच्या दशकात जवळचा रस्ता काढला गेला. सातवी-आठवी झालेली मुलगी घ्यायची, तिला दोन वर्षांत बाळंतपण आणि प्राथमिक शुश्रूषा शिकवायची आणि गावात पाठवायचं. या पदाचं नाव ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे एएनएम. कागदोपत्री महाराष्ट्रात ती आरोग्यसेविका, गावात सगळ्यांसाठी नुसती 'सिस्टर'. तुमचा जन्म खेड्यातला असेल तर तुमची पहिली लस बहुधा तिनेच टोचली आहे.

ही शक्कल आपली एकट्याची नव्हती. अमेरिकेत १८९२ सालीच ब्रुकलिनमध्ये तीन महिन्यांचा असा वर्ग निघाला होता. तिथे या नर्सला 'प्रॅक्टिकल नर्स' म्हणतात. दोन्हीकडे कारण एकच होतं: माणसं कमी आणि गरज आत्ताची.

घाईत तयार केलेल्या पदांची एक अडचण असते. आत कसं यायचं हे नीट ठरलेलं असतं, पुढे कुठे जायचं हे कोणी ठरवलेलं नसतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले दर वर्षी प्रमोशनवरून कुरकुरतो, पण आमच्याकडे निदान लेव्हल्सचा तक्ता तरी असतो. सिस्टरच्या तक्त्यात काय आहे ते बघा.

१९७३ साली कर्तारसिंग समितीने एएनएमला बहुउद्देशीय 'महिला आरोग्य कर्मचारी' केलं. बाळंतपणाच्या जोडीला लसीकरण, कुटुंबनियोजन, साथीचे रोग, नोंदवह्या असं सगळं तिच्याकडे आलं. काम वाढलं, पण शिक्षण आखडलं. १९७७ मध्ये प्रवेशाची अट दहावीवर नेताना अभ्यासक्रम मात्र दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला. तो पुन्हा दोन वर्षांचा झाला २०१२-१३ पासून, आणि अट बारावीची.

तिच्या वरचं पद आरोग्य सहायिकेचं. काही वर्षं नोकरी आणि सहा महिन्यांचं प्रशिक्षण झालं की तिथे जाता येतं. ऐकायला सोपं वाटतं, पण आता गणित करू. सपाटीवरच्या भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम. म्हणजे सहा उपकेंद्रं, सहा सेविका आणि त्यांच्यावर एक सहायिका. पंचविशीत लागून अठ्ठावन्नला निवृत्त होणारीची नोकरी ३३ वर्षांची. एकूण पदं सात. सातही जणींना ती खुर्ची मिळावी असं ठरवलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला येतात पाच वर्षांहूनही कमी. म्हणजे अगदी न्यायाने चाललं तरी पहिली आणि बहुधा शेवटची बढती त्रेपन्नाव्या वर्षी! यात कोणाचा आळस नाही, कोणाचा द्वेषही नाही. शिडीच तशी बांधलेली आहे.

हे सरकारला कोणी सांगितलं नव्हतं, असंही नाही. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीने १९८९ साली नर्सेसविषयी अहवाल दिला. कामाच्या जागेजवळ घर, पुढच्या शिक्षणाची सोय आणि नोकरीच्या काळात तीन बढत्या, अशा शिफारशी त्यात होत्या. वरच्या गणितात तीन बढत्या बसवून बघा. बसत नाहीत.

मग काय झालं? आश्वासित प्रगती योजनेत ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळू लागली. ही चांगलीच गोष्ट. पण पगार बदलला तरी उपकेंद्र तेच, नोंदवह्या त्याच. आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उपकेंद्रात दुसरी एएनएम आली ती कंत्राटावर. तिचं काम पहिलीसारखंच, पण बढतीच्या रांगेत तिचं नावच नाही.

शिकून पुढे जाण्याचं काय? तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा केलेल्या नर्सला दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे तिचं आधीचं शिक्षण जमेस धरलं जातं. एएनएमला मात्र जीएनएमचं दार उघडं आहे, पण आत गेल्यावर तीन वर्षं पहिल्यापासून. अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल नर्ससाठी रजिस्टर्ड नर्स होण्याचे 'ब्रिज' कोर्स आहेत, त्यात आधीचं शिक्षण मोजून काळ कमी करतात. तसा पूल इथे बांधला, तर वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला एखाद्या विशीतल्या मुलीबरोबर पहिल्या वर्गात बसावं लागणार नाही.

१९४६ चा प्रश्न होता, किती नर्स हव्यात? तो रास्त होता आणि त्याचं उत्तर म्हणून लाखो बायका गावोगाव उभ्या राहिल्या. दुसरा प्रश्न तितक्याच गांभीर्याने घ्यायचं अजून बाकी आहे: आज बाविसाव्या वर्षी उपकेंद्राचं कुलूप उघडणारी मुलगी चाळिशीत कुठे असेल? याचं उत्तर जीआरमध्ये लिहिता येतं. त्यासाठी दर सहा सेविकांमागची ती एकच खुर्ची आधी वाढवावी लागेल.